डावा तळवा

नऊ महिने दत्ताराम प्रभुभोजनाच्या मेजाकडे गेला नव्हता, आणि या रविवारीही जायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं. चर्चला जायचं, कीर्तन ऐकायचं, आणि पाळकसाहेबांनी भाकरीवरचं पांढरं कापड काढायच्या आत बाजूच्या दाराने बाहेर पडायचं. बायकोशी, प्रेमलताशी, तसा त्याचा करारच झाला होता.

"सण हंगामाचो, सगळी मंडळी मेजाकडे जातली, आणि आपण दोगांनी कोंबड्यांसारख्या दारातसून पळान जावचा?" प्रेमलताने विचारलं होतं.

"पळान खंय? माझो पाय पळता काय?" दत्ताराम म्हणाला होता. "सावकाश जावया."

फेब्रुवारीत एका सकाळी, किनाऱ्यावर जाळं सुकत घालताना, त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तीन आठवड्यांनी तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा जीव वाचला होता. पण जीभ जड झाली होती, उजवा पाय वाळूत रेघ ओढत चालत होता, आणि उजवा हात खांद्याला नुसता टांगलेला होता. पाय सुधारला. जीभही बऱ्यापैकी वळायला लागली. हात काही हलला नाही.

राहिला तो डावा. आता डाव्या हाताची गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगायला नको. डाव्या हाताने कोणी विडा देत नाही, कोणी घेत नाही. लहान पोराने डाव्या हाताने खाऊ मागितला तर आई पाठीत धपाटा घालते. ज्या हाताने माणूस परसाकडे जाऊन येतो, त्याच हाताने आता दत्ताराम जेवत होता. म्हणून तो मागच्या खोलीत, दार लोटून, एकटा जेवायचा. प्रेमलता ताट ठेवायची आणि बाहेर यायची. लग्नाची आमंत्रणं आली, बारशाची आली, शेजारच्या घरून सत्यनारायणाचा प्रसादही आला. दत्ताराम कुठेही गेला नाही आणि कोणासमोर त्याने घास घेतला नाही.

आणि प्रभूचं मेज म्हणजे तर सगळ्यांसमोर हात पुढे करणं. त्यांच्या छोट्या मंडळीत पूर्वीपासून रीत अशी, की पुढे जायचं, उजवा तळवा वर आणि डावा त्याच्याखाली धरायचा, आणि पाळक त्या तळव्यात भाकरीचा तुकडा ठेवतात. दत्तारामच्या वडिलांनी त्याला बारा वर्षांचा असताना अंगणात उभं करून ही रीत शिकवली होती. हात कसा धरायचा, मान किती वाकवायची, सगळं. त्या हाताशिवाय मेजाकडे जाणं त्याच्या मनाला शिवतच नव्हतं.

पण हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पाळक समर्थ, तिशीतला मनमिळाऊ माणूस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच्या घरी यायचे.

"काका, काल तुम्ही मेजाला नव्हता. मी भाकर घरी घेऊन येऊ का? आजाऱ्यांकडे जातोच की मी."

"नको साहेब. माफ करा," दत्ताराम म्हणायचा. "मी लायक नाय सध्या."

असं नऊ वेळा झालं. समर्थ पाळकांना या नम्रतेचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी एका बुधवारच्या प्रार्थनेत त्याचं उदाहरण दिलं. आजकाल माणसं न विचार करता मेजाकडे येतात, म्हणाले, आणि इथे आपले एक वडीलधारे आहेत की ज्यांना स्वतःच्या अपात्रतेची एवढी जाणीव आहे. तिसऱ्या बाकावर बसलेली प्रेमलता स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं, गोष्ट पात्रतेची नव्हे, हाताची आहे.

मात्र कीर्तन म्हटलं की दत्तारामला घरात बसवत नसे. तीस वर्षं, कुठलाही कीर्तनकार येवो, त्याच्या मागे उभं राहून पालुपद धरायचं काम दत्तारामचं. रापणीवर, जाळं ओढणाऱ्यांना, हाका मारून मारून कमावलेला त्याचा आवाज लाऊडस्पीकरशिवाय माडांच्या पलीकडे जायचा. आणि या वेळी हंगामाच्या सणाला कीर्तन करणार होती विनीता. कुडाळच्या शाळेत शिकवणारी ही बाई विशीत असताना पहिल्यांदा चिपळ्या घेऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या मागे दत्ताराम उभा होता. "घाबरा नको गो," तो तिच्या कानात म्हणाला होता, "चुकलंस तर मी मोठ्यान ओरडान झाकतंय." तिचं कीर्तन आणि आपण घरात, हे त्याला सोसणारं नव्हतं. म्हणून तो करार.

शनिवारी सकाळी तो काठी टेकत किनाऱ्यावर गेला. आजारपणानंतर तो रोज जायचा, उपड्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसायचा आणि रापण बघायचा.

रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धचंद्रासारखं सोडलेलं लांबच लांब जाळं. त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात आणि तीस-चाळीस माणसं त्या धरून मागे मागे चालत जाळं ओढून आणतात. बावीस वर्षं या रापणीचा म्होरक्या दत्ताराम होता. आता गुरुदास होता, पस्तिशीतला, शेजारच्याच वाडीतला, दत्तारामच्याच हाताखाली तयार झालेला.

"काका, बघत काय बसलास?" गुरुदासने दोरी ओढता ओढता हाक मारली. "आज माणसा कमी इलीत. दोरी जड लागता."

"माझ्या हातात काय रवला आता?"

"डावो आसा मा? का तो पण घराकडे ठेवन इलास?"

दोरीवरची माणसं हसली. दत्तारामला राग यायला हवा होता, पण दोरी बघून त्याचे पाय आपसूक उठले. शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन त्याने डाव्या हाताने दोरी पकडली. ओली, खरखरीत, ओळखीची. दहा पावलं मागे गेला, पंधरा गेला. ओढलं असं त्याने काही नाही. दोरीच त्याला धरून उभी होती म्हणा. पण जाळ्याचा फुगीर भाग वाळूवर येईपर्यंत त्याने हात सोडला नाही.

बांगडा चांगला लागला होता. वाळूवर वाटे घातले गेले आणि गुरुदास एकेकाचं नाव पुकारू लागला. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं आणि आपला वाटा घ्यायचा. होडीवाल्यांचे मोठे वाटे, ओढणाऱ्यांचे मधले, आणि वाटेने जाता जाता दोरीला हात लावलेल्यांना एका वेळच्या कालवणापुरते.

"दत्ताकाका," गुरुदासने पुकारलं. त्याच्या हातात माडाच्या पातीत ओवलेले पाच बांगडे होते.

सगळे वळले. दत्ताराम जागचा हलला नाही. उजवा हात लोंबत होता. डाव्याने घ्यायचे, ते चाळीस माणसांसमोर?

"माका कित्याक?" तो म्हणाला. "मी ओढलंय खंय? नुसतो धरान उभो होतंय."

"तुमचोच कायदो, काका," गुरुदास म्हणाला. "दोरीक हात लागलो, वाटो लागलो. बावीस वर्षां आमच्या कानात ओरडलास."

"आणि सत्यवती म्हातारी काय ओढी होती?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं. "तिच्या जोरान होडी उलटात म्हणान आमी घाबरी होतो."

पुन्हा हसणं झालं. दत्ताराम हसला नाही. "माका नको," एवढं म्हणून तो वळला आणि काठी टेकत घरी निघाला.

तो घरी पोचायच्या आत बांगडे पोचले होते. गुरुदास मोटारसायकलवरून येऊन ते प्रेमलताच्या हातात देऊन गेला होता, आणि काय काय झालं तेही सांगून गेला होता. प्रेमलताने मासे साफ केले, तिखला केला, भात केला. दुपारी मागच्या खोलीत ताट ठेवलं. पण आज ती बाहेर गेली नाही. भिंतीला टेकून समोर खाली बसली.

"भायर जा," दत्ताराम म्हणाला.

"नाय जावचंय."

"प्रेमा, माझो जेवणाचो वेळ आसा."

"माझो पण आसा. मी हंयच जेवतलंय आजपासून." तिने स्वतःचं ताट पुढे ओढलं. "नऊ महिने मी चुलीकडे एकटी जेवलंय. माका कोण इचारल्यान?"

हे दत्तारामला सुचलंच नव्हतं. आपण एकटे जेवतो एवढंच त्याला दिसत होतं. दाराच्या बाहेर दुसरं माणूसही एकटं जेवतं, हे दिसलं नव्हतं.

"बांगडे मी खावचंय नाय," तो म्हणाला. "ते माझ्या कष्टाचे नाय."

"ऱ्हवांदे. मी खातंय. बरे ताजे आसत." तिने खरंच घास घेतला. मग म्हणाली, "अवो, सत्यवतीक तुमी किती वर्षां वाटो देत होतास?"

सत्यवती म्हणजे किनाऱ्यावरच्या शेवटच्या झोपडीत एकटी राहणारी, मासे विकणारी म्हातारी. ऐंशीच्या पुढची. रोज सकाळी यायची आणि दोरीवर दोन बोटं ठेवायची. वाळूवर तिच्या पावलांचा ठसासुद्धा नीट उठायचा नाही. एकदा एका नव्या गड्याने कुरकुर केली, तेव्हा दत्तारामने त्याला सगळ्यांसमोर झाडलं होतं: दर्या काय तुझ्या बापाशीन खणल्यान? आणि त्या दिवसापासून तिचं नाव तो पहिलं पुकारायचा. म्हातारी दोन्ही हात पसरून पुढे यायची, "दी रे बाबा, मांजर घराकडे वाट बघता" म्हणायची, आणि मासे घेऊन जाता जाता सगळ्या रापणीला तोंड भरून आशीर्वाद द्यायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

"धा-बारा वर्षां," दत्ताराम म्हणाला. "कित्याक?"

"तिना कधी म्हटल्यान, माका नको, मी लायक नाय?"

"ती? ती कशाक म्हणतली?"

"आणि म्हटला असता तर?"

दत्तारामने विचार केला. वाळूवर उभा राहून आपण हाक मारतोय, "सत्यवती", आणि म्हातारी सगळ्यांसमोर मान फिरवून चालू लागतेय.

"राग इलो असतो," तो म्हणाला.

"कित्याक?"

त्याने ताट जवळ ओढलं. डाव्या हाताने भात कालवला, बांगड्याचा एक तुकडा मोडला आणि बायकोसमोर खाल्ला. दोन शितं हनुवटीवर राहिली. प्रेमलताने ती पुसली नाहीत की पाहिल्यासारखंही केलं नाही. पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्या डाव्या बाजूला सरकवला.

"पण उद्या करार तोच," जेवण झाल्यावर तो म्हणाला. "कीर्तन झाला काय भायर."

"बरा," प्रेमलता म्हणाली.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. मेजाभोवती भाताच्या लोंब्या, शहाळी, काकड्या, चिबूड, आणि कोपऱ्यात पाय बांधलेले दोन कोंबडे. ते प्रार्थनेच्या मध्ये मध्ये आपलंही म्हणणं मांडत होते. दत्ताराम आणि प्रेमलता शेवटच्या बाकावर, बाजूच्या दाराला लागून बसली. काठी दारालाच टेकून ठेवली.

विनीता पांढरं नऊवारी लुगडं नेसून उभी राहिली. पेटीवर तिचा नवरा निकेत. तिने नमन केलं, चिपळ्या उचलल्या आणि मंडळीवरून नजर फिरवली.

"दत्ताकाका मागे काय करतात?" ती म्हणाली. "अहो काका, पालुपद कोण धरणार? या नवऱ्याच्या भरवशावर मला उभी करता?"

निकेतने पेटीवरून हात उचलून जोडले. लोक हसले. दत्तारामने डावा हात हलवून "नको" म्हटलं आणि मान खाली घातली. विनीताने आग्रह धरला नाही. पेटीचा सूर लांबवला आणि पद सुरू केलं:

*ताट वाढूनिया । दार उघडलें ।*
*नाव पुकारिलें । एकेकाचें ॥*
*नको पाहूं आता । काय तुझे हातीं ।*
*धनी स्वयें येती । बोलावाया ॥*

मग ती कथेत शिरली. येशूने सांगितलेला मेजवानीचा दृष्टांत, पण विनीताच्या तोंडून तो नेहमीसारखा इथलाच झाला. एक धनी होता, वालावलकडचा म्हणा. त्याने मोठी मेजवानी मांडली. पंचवीस पायली तांदूळ, सात तऱ्हेची मासळी, सोलकढीचे हंडे. गड्याला म्हणाला, जा, ज्यांना आवतण दिलंय त्यांना सांग, सगळं तयार आहे, या.

"गडी गेला पहिल्याकडे," विनीताने चिपळ्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात कमरेवर ठेवला. "पहिला म्हणतो, धन्याक माझो नमस्कार सांग हां. मी काजीची बाग घेतलंय, ती बघूक जावचा आसा. माका माफ कर. गडी गेला दुसऱ्याकडे. दुसरा म्हणतो, होडयेक नवीन इंजिन घेतलंय, चलता काय ता बघतंय. धन्याक म्हणा, माफ कर. गडी गेला तिसऱ्याकडे. तिसऱ्याने दारच अर्धं उघडलं. म्हणतो, कालच लगीन झाला माझा..."

इथे बायका हसायला लागल्या आणि विनीता थांबली. हसणं ओसरू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली:

"एक सांगा मला. या तिघांत वाईट बोललं कोण? शिवी दिली कोणी? दार आपटलं? नाही. तिघांच्या तोंडात मध. एकेकाची नम्रता बघा. नमस्कार सांग म्हणतात. माफ कर म्हणतात. एवढं गोड बोलल्यावर धन्याला राग कशाचा आला?"

पेटी थांबली होती. कोंबडेही गप्प होते.

"कारण जेवण त्याने रांधलं होतं," विनीता म्हणाली. "आणि या तिघांना वाटत होतं, जायचं की नाही ही आपली गोष्ट आहे. आपली बाग, आपलं इंजिन, आपलं लग्न. माझं, माझं, माझं. नाही म्हणायची तऱ्हा गोड होती, पण म्हणत होते नाहीच."

शेवटच्या बाकावर दत्तारामची डावी मूठ गुडघ्यावर आवळली गेली. सकाळी घरून निघताना त्याने गृहीत धरलं होतं की ही कथा आली तर आपण पुढच्या भागात असणार: धनी ज्यांना रस्त्यावरून बोलावतो त्या लंगड्या-पांगळ्यांत. तिथे आपली जागा. पण विनीता अजून तिथवर पोचलीही नव्हती, आणि तो पकडला गेला होता आधीच, या तिघांच्या रांगेत. माफ करा साहेब. नऊ सोमवार. बागेऐवजी, इंजिनाऐवजी, त्याने हात सांगितला होता; तोही खरा न सांगता, लायक नाही असं सोवळं नाव देऊन. बुधवारच्या प्रार्थनेत त्याचं कौतुक झालं होतं, आणि ते ऐकून त्याला मनातून बरंही वाटलं होतं. हे आठवलं तेव्हा त्याची कानशिलं तापली.

काल बायकोने विचारलं होतं, राग कित्याक? उत्तर त्याला काल दुपारीच कळलं होतं. म्हातारी नाही म्हणाली असती, तर तिने त्याचं प्रेमच सगळ्यांसमोर वाळूत टाकलं असतं.

विनीता आता गड्याला रस्त्यावर धाडत होती. "कट्टा गावच्या स्टँडवर जा, म्हणाला, एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं असतील, त्यांना आण. तरी जागा उरली. मग इन्सुलीच्या नाक्यापर्यंत जा, ट्रकवाले अडकलेले असतील, त्यांना आण. आंधळा आण, लंगडा आण. लंगडा म्हणाला, मी येईन कसा? गडी म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेव. आंधळा म्हणाला, मी जेवू कसा, मला ताट दिसत नाही. गडी म्हणाला, धन्याला तू दिसतोस, ते पुरे आहे. आणि काय सांगू मंडळी, ती माणसं आली! अंगावरच्या कपड्यांनी आली. कोणी आरसा बघितला नाही. पानावर बसली आणि जेवता जेवता गायला लागली."

तिने पद पुन्हा उचललं. "ताट वाढूनिया..." मंडळी म्हणू लागली. "नाव पुकारिलें एकेकाचें" या ओळीला शेवटच्या बाकावरून एक जाड, घसरता आवाज मिसळला. नावातला 'व' नीट उमटला नाही. 'एकेकाचें' लांबत गेलं. पुढच्या दोन बाकांवरची माणसं मागे वळली, आणि विनीताने डोळे मिटूनच चिपळ्यांचा ठेका थोडा सावकाश केला, त्या आवाजाला गाठता येईल एवढा.

कीर्तन संपलं. समर्थ पाळक उठले. प्रेमलता ठरल्याप्रमाणे उभी राहिली आणि तिने दाराला टेकलेली काठी घेतली.

"बस गो," दत्ताराम म्हणाला.

"कित्याक? आता कापड काढतले."

"काढांदे."

प्रेमलता बसली. काठी तिने मांडीवर आडवी धरून ठेवली, दोन्ही हातांनी.

पाळकांनी आमंत्रण वाचलं. थकलेल्यांनी यावं, ओझ्याखाली वाकलेल्यांनी यावं, प्रभू बोलावतो आहे. दत्तारामने हे शब्द आयुष्यात शेकडो वेळा ऐकले होते आणि दर वेळी त्याला वाटलं होतं की ते दुसऱ्या कोणासाठी आहेत, ज्यांची होडी बुडाली, ज्यांच्या घरी दारू आहे, अशांसाठी. आपण तर धडधाकट, आपण पाहुण्यासारखे जातो, येतो. आज पहिल्यांदा ते त्याचं नाव घेऊन आले.

बाक एकेक करून पुढे जात होते. शेवटचा बाक शेवटी उठला. दत्तारामने काठी डाव्या हातात घेतली आणि चालायला लागला. मधल्या वाटेवर त्याच्या पायाची फरफट सगळ्यांना ऐकू येत होती. तो थांबला नाही. प्रेमलता एक पाऊल मागून येत होती आणि तिने त्याला हात दिला नाही, कारण त्याने मागितला नव्हता.

मेजापाशी तो उभा राहिला. काठी त्याने वळून प्रेमलताकडे दिली. आता डावा हात मोकळा होता.

समर्थ पाळकांनी त्याला पाहिलं, त्याचा लोंबता उजवा हात पाहिला, आणि नऊ महिन्यांचं सगळं एका क्षणात त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा बदलला. भाकरीचा तुकडा त्यांनी प्रेमाने, आजाऱ्याला भरवावा तसा, त्याच्या ओठांकडे नेला.

दत्तारामने मान हलवली.

"थांबा साहेब," तो म्हणाला. जीभ जड होती, पण शब्द त्याने एकेक करून नीट बाहेर काढले. "मी लायक नाय म्हणी होतंय, ता खरा नाय होता. मी हात लपयी होतंय. माका ह्या हातात दिया."

आणि त्याने डावा तळवा पुढे केला. नुसता, वर उजवा नसलेला. जाळ्याच्या दोरीने कालच सोललेली एक लाल रेघ त्यावर होती.

पाळकांनी क्षणभर त्या तळव्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःचा डावा हात त्याच्याखाली धरला आणि तुकडा ठेवला.

"तुझ्यासाठी मोडलेलं," ते म्हणाले. नेहमी ते "तुमच्यासाठी" म्हणत.

दत्तारामने भाकर तोंडाकडे नेली. एक कण सांडला, तो त्याने वाकून उचलला आणि खाल्ला. प्याल्याला ओठ लावले. प्रेमलताने काठी काखेत धरून त्याच्या शेजारी आपले तळवे पुढे केले, आणि नऊ महिन्यांनी नवराबायको पुन्हा एका मेजावर जेवली.

मेज उरकल्यावर पदाचं शेवटचं कडवं म्हणायची रीत आहे. कीर्तनात ते मुद्दाम राखून ठेवतात. पण निकेत अजून मेजाजवळ होता, पेटीवर कोणी नव्हतं, आणि विनीता डोळे पुसत बसली होती. दत्ताराम मेजापासून हलला नव्हता. तो मंडळीकडे वळला, प्रेमलताकडून घेतलेली काठी टेकून ताठ झाला आणि सूर न घेताच त्याने सुरुवात केली:

*रिता आलों देवा । भरोनिया जातों ।*
*तुझे गुण गातों । मेजापाशीं ॥*

आवाज फुटत होता. 'भरोनिया'ला तो अडखळला, थांबला, आणि मागे जाऊन शब्द पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने. विनीता उठली. बाकांच्या मधून पुढे येऊन ती त्याच्या मागे उभी राहिली आणि पालुपद धरलं.